०.२२ मिलिमीटरने कोण बरं झालं? इम्प्लांटभोवतीचा संसर्ग आणि ‘यशस्वी’ उपचार

आज सुरुवातीला एक निकाल वाचा.

दातांच्या इम्प्लांटभोवती संसर्ग झालेले २९० रुग्ण. शस्त्रक्रिया कोणाचीच नाही. सगळ्यांच्या इम्प्लांटची हिरडीखाली सफाई केली. त्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांना सफाईसोबत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची छोटी चिप हिरडी आणि इम्प्लांटच्या मधल्या फटीत पुन्हापुन्हा बसवली. २४ आठवड्यांनी मोजलं. चिप मिळालेल्या गटात फटीची खोली सरासरी १.७६ मिलिमीटरने कमी झाली, चिप न मिळालेल्या गटात १.५४ मिलिमीटरने. पी-व्हॅल्यू बरोब्बर ०.०५.

आता सांगा, चिप उपयोगी आहे का?

काही जण ०.०५ बघून ‘काठावर पास’ म्हणतील. काही जण ‘काठावर नापास’ म्हणतील. दोघांच्या वादात एक प्रश्न तसाच राहून जातो: या २९० जणांपैकी बरे किती झाले? वरच्या आकड्यांतून ते कळत नाही, आणि हा एकाच चाचणीचा दोष नाही. शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांवरचे बरेच पेपर असेच आहेत. लेझर की क्युरेट, चिप की गोळ्या, पावडर की अल्ट्रासॉनिक, यावर भरपूर शाई खर्च होते. ‘यश’ म्हणजे काय हे मात्र कुठेतरी मेथड्सच्या तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेलं असतं. आजचा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र आहे, दंतवैद्यक नाही. तेव्हा कोणी कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. असे पेपर कसे वाचायचे, एवढंच बघू.

आधी आजार समजून घेऊ

दातांचं इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरून बसतं आणि वर कृत्रिम दात लावता येतो. १९६५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला असं इम्प्लांट बसवलं. टायटॅनियम किडत नाही, पण त्याच्यावर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, अगदी आरामात वाढते.

या थरामुळे फक्त हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं, पण हाड शाबूत असलं तर त्याला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. दाह खाली उतरून हाड झिजू लागलं की तो पेरी-इम्प्लांटायटिस. हा फरक पक्का लक्षात ठेवा. म्युकोसायटिस चांगल्या सफाईने परतवता येतो. पेरी-इम्प्लांटायटिसमध्ये गेलेलं हाड सफाई केली म्हणून आपोआप भरून येत नाही.

२०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपमधल्या हिरडीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून व्याख्या ठरवल्या. रुग्णाच्या आधीच्या नोंदी किंवा एक्स-रे हाताशी नसतील तर तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: हलक्या हाताने प्रोब फिरवल्यावर रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली, आणि हाडाची पातळी ३ मिलिमीटर किंवा जास्त खाली गेलेली.

व्याख्या बदलली की आकडा किती बदलतो, याचं उत्तम उदाहरण स्वीडनमधलंच आहे. यान डर्क्स आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांट बसवून ९ वर्षं झालेल्या ५८८ लोकांची तपासणी केली. अभ्यास २०१६ चा. रक्त किंवा पू, आणि जोडीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हाडाची झीज, असं धरलं तर ४५ टक्के लोक आजारी निघाले. झिजेची मर्यादा २ मिलिमीटरवर नेली की तोच आकडा १४.५ टक्के. माणसं तीच, तोंडं तीच, एक्स-रे तेच.

निदानाच्या आकड्याचं जर असं होतं, तर बरं होण्याच्या आकड्याचं का होणार नाही?

शस्त्रक्रियेविना सफाई अवघड का?

नैसर्गिक दाताचं मूळ त्या मानाने गुळगुळीत असतं. इम्प्लांटला स्क्रूचे आटे असतात आणि हाडाने नीट धरावं म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो. हाड आहे तोवर हा खरखरीतपणा फायद्याचा. हाड झिजून तो उघडा पडला की तोच जिवाणूंचं घर होतो. डॉक्टरला हिरडी न उघडता, वरच्या कृत्रिम दाताच्या अडथळ्यातून, सहा-सात मिलिमीटर खाली, आट्यांच्या खाचांतून थर काढायचा असतो. दिसत काहीच नाही. सगळं हाताच्या अंदाजावर.

प्रयोगशाळेत आपण टायटॅनियमच्या सपाट चकतीवर बायोफिल्म वाढवतो आणि अमुक द्रावणाने ९९ टक्के जिवाणू मेले असं लिहितो. चकतीला आटे नसतात, हिरडी नसते, लाळ नसते, आणि मेलेल्या थराचा सांगाडा जागेवर राहिला तर त्यावर नवा थर बसायला वेळ लागत नाही. ‘इन व्हिट्रो’ निकालावरून थेट रुग्णाकडे उडी मारणारा परिच्छेद दिसला की पेन्सिलने खूण करा.

एकच चिप, दोन चाचण्या

सुरुवातीच्या चिपकडे परत येऊ. तिची पहिली मोठी चर्चा झाली ती २०१२ च्या चाचणीमुळे. इस्रायलमधले एली माख्तेई आणि सहकारी. ६० रुग्ण, ६ ते १० मिलिमीटर खोलीचे पॉकेट. एका गटाला औषधाची चिप, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची चिप. १८ आठवड्यांत अनेकदा रुग्णांना बोलावून, जिथे खोली अजून ६ मिलिमीटर किंवा जास्त होती तिथे चिप पुन्हा बसवली. सहा महिन्यांनी खोलीतली घट औषधाच्या गटात २.१९ मिलिमीटर आणि बिनऔषधाच्या गटात १.५९.

वाचताना सगळ्यांचं लक्ष २.१९ कडे जातं. तुम्ही १.५९ कडे बघा. औषध नसतानाही दीड मिलिमीटरची सुधारणा! कशामुळे? सुरुवातीची सफाई तर आहेच. वारंवार तपासणीला यायचं म्हटल्यावर माणूस घरी ब्रशही नीट करतो. सूज उतरली की हिरडी आकसते आणि हाड आहे तिथेच राहून खोली कमी भरते. शिवाय एक सांख्यिकी कारण आहे, ज्याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात.

ते असं. पहिल्या चाचणी परीक्षेत सगळ्यात कमी मार्क मिळालेली दहा मुलं निवडा. त्यांना काहीही जादा न शिकवता दुसरी परीक्षा घ्या. त्यांची सरासरी बहुतेक वेळा थोडी वर येईल, कारण पहिल्या वेळी त्यातल्या काहींचा दिवसच वाईट होता. खोल पॉकेट निवडून केलेल्या चाचणीतही हेच होतं. ज्या जागा त्या दिवशी जरा जास्तच खोल मोजल्या गेल्या, त्या निवडीत आल्या. पुढच्या मोजणीत त्या आपोआप थोड्या उथळ दिसणार. म्हणून कंट्रोल गट नसलेल्या अभ्यासातलं ‘उपचारापूर्वी ७, उपचारानंतर ५.५’ हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे.

आता २०२१ ची चाचणी. तीच चिप, तेच मुख्य संशोधक, पण २९० रुग्ण. कंट्रोल गटालाही दर दोन आठवड्यांनी बोलावून हिरडीच्या वरची सफाई केलेली. कंट्रोल गटाची घट १.५४, म्हणजे आधीच्या १.५९ शी जवळपास जुळणारी. चिपच्या गटाची मात्र २.१९ वरून १.७६ वर आली. छोट्या चाचणीत दोन गटांतला फरक ०.६० मिलिमीटर होता. मोठ्या चाचणीत ०.२२ उरला.

यात कोणी लबाडी केली असं अजिबात नाही. लहान चाचण्यांत फरकाचा अंदाज खूप हेलकावे खातो, आणि त्यातले वरच्या बाजूचे हेलकावे आपल्या जास्त लक्षात राहतात. उलट त्याच संशोधकांनी तोच प्रश्न जवळपास पाचपट रुग्णांवर पुन्हा तपासला, हे कौतुकास्पद आहे. टीकेसाठी मी मुद्दाम चांगली चाचणी घेतली. वाईट पेपर झोडपण्यात शिकण्यासारखं फार काही नसतं.

त्याच आकड्यांचे दोन चेहरे

०.२२ मिलिमीटर किती मोठे? नेहमीच्या प्रोबवर खुणा १ मिलिमीटरच्या असतात. ‘जे मोजताच येत नाही ते खरं कसं?’ असा आक्षेप कोणी घेईल, तर तो चुकीचा आहे. शेकडो मोजण्यांच्या सरासरीत खुणेपेक्षा बारीक फरक दिसू शकतो. पण फरक दिसणं वेगळं आणि रुग्णाला तो जाणवणं वेगळं.

दोन्ही गटांत स्टँडर्ड डेव्हिएशन १.१३ होतं. ०.२२ ला १.१३ ने भागा: साधारण ०.२. गणिताच्या भाषेत हा छोटा परिणाम. साध्या भाषेत सांगायचं तर, आकडे नॉर्मल वक्रासारखे पसरलेत असं धरून, चिपवाला एक आणि बिनचिपवाला एक रुग्ण चिठ्ठी टाकून निवडा. चिपवाल्याची सुधारणा जास्त निघण्याची शक्यता १०० पैकी साधारण ५५ वेळा. नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं.

आता त्याच पेपरमधला दुसरा आकडा. ज्यांची खोली २ मिलिमीटर किंवा जास्त कमी झाली असे रुग्ण चिपच्या गटात ५९ टक्के, कंट्रोलमध्ये ४७.२ टक्के. जवळपास १२ टक्क्यांचा फरक! म्हणजे दर ८-९ जणांना चिप दिली की एक जण जास्तीचा ‘यशस्वी’. हे ऐकायला ०.२२ पेक्षा कितीतरी भारदस्त वाटतं ना?

माहिती तीच आहे. २ मिलिमीटरची रेघ सरासरीच्या जवळ ओढली आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते. गट जरासा सरकला तरी बरेच जण रेघेच्या पलीकडे जातात. १.९ वाला आणि २.१ वाला यांच्यात खरा फरक काहीच नसतो, पण एक नापास आणि एक पास. कंपनीच्या माहितीपत्रकात कोणता आकडा छापला जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग बरा झाला कोण?

इथे मूळ मुद्दा येतो. ८ मिलिमीटरचा पॉकेट ६ वर आला. २ मिलिमीटरची घट झाली, रुग्ण ‘यशस्वी’ गटात गेला. पण ६ मिलिमीटर खोली, रक्त येतंय, हाड गेलेलं आहे, म्हणजे २०१७ च्या व्याख्येप्रमाणे तो अजून आजारीच आहे. त्याच्या शेजारचा रुग्ण ६.५ वरून ५ वर आला, रक्त थांबलं. घट दीडच मिलिमीटर, म्हणून तो ‘अयशस्वी’.

हे एकट्या चिपचं दुखणं नाही. २०११ मध्ये स्टेफान रेनव्हर्ट आणि सहकाऱ्यांनी ४२ रुग्णांवर एर्बियम लेझर आणि हवेच्या झोताने पावडर मारणारं यंत्र यांची तुलना केली. दोन्हींत खोली सरासरी एक मिलिमीटरही कमी झाली नाही. यशाची व्याख्या होती: खोलीत किमान अर्धा मिलिमीटर घट आणि हाडाची आणखी झीज नाही. एवढी सैल रेघ ठेवूनही यश पावडरच्या गटात ४७ टक्के आणि लेझरच्या गटात ४४ टक्के. लेखकांनी परिणाम मर्यादित असल्याचं स्वतःच मान्य केलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण अर्धा मिलिमीटर ही ज्यांची रेघ, त्यांचे ४७ टक्के आणि दोन मिलिमीटर ही ज्यांची रेघ, त्यांचे ५९ टक्के एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडले, तर तो तक्ता काय सांगणार?

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२३ च्या गाईडलाईनने इथे बरंच काम सोपं केलं. पहिली पायरी शस्त्रक्रियेविना उपचार. मग ६ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी. तेव्हा खोली ५ मिलिमीटर किंवा कमी, एकापेक्षा जास्त जागी रक्त नाही, पू अजिबात नाही, हे साधलं तर देखभालीकडे जायचं. नाही साधलं तर शस्त्रक्रियेचा विचार. म्हणजे ‘किती कमी झालं’ याऐवजी ‘कुठे येऊन पोचलं’ हा प्रश्न. प्रवास किती झाला यापेक्षा मुक्कामाला पोचलो का, हे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचं.

याला एवढं महत्त्व का, तर मागे वेळ चालू असतो. स्वीडनच्या त्याच लोकांच्या एक्स-रेंवरून असं दिसलं की हाडाची झीज सरळ रेषेत होत नाही, तिचा वेग वाढत जातो. ‘खोली सरासरी कमी होते आहे’ या समाधानावर चिपमागून चिप बसवत वर्ष घालवलं, तर तेवढ्यात शस्त्रक्रिया करून वाचण्यासारखं हाड निघून जाऊ शकतं. आपल्याकडे इम्प्लांटचा खर्च बहुतेक लोक स्वतःच्या खिशातून करतात. त्यांना सरासरीचं काय करायचं? ‘माझं इम्प्लांट टिकेल का, आणि कापाकापी लागेल का’ एवढंच त्यांना विचारायचं असतं.

गोळ्यांचं प्रकरण: ९ विरुद्ध ४

अँटिबायोटिकच्या गोळ्यांबद्दलही असंच. स्पेनमधली २०२२ ची एक चाचणी सारखी उद्धृत होते: सफाईसोबत मेट्रोनिडॅझोल किंवा प्लासिबो, ३२ रुग्ण, १२ महिने. खोलीतली घट २.५३ विरुद्ध १.०२ मिलिमीटर. यश ५६.३ टक्के विरुद्ध २५ टक्के. दुपटीहून जास्त!

आता टक्के मोडून माणसं मोजा. एका गटात १६ जण. १६ चे ५६.३ टक्के म्हणजे ९. १६ चे २५ टक्के म्हणजे ४. नऊ विरुद्ध चार. या चार आकड्यांच्या तक्त्यावर फिशरची एक्झॅक्ट चाचणी लावली तर पी-व्हॅल्यू साधारण ०.१५ येते. वही-पेन्सिलीनेही जमेल, करून बघा. गोळी घेतलेल्या दोनच जणांचा निकाल उलटा लागला असता तर ७ विरुद्ध ४ झालं असतं आणि कोणी भुवईही उंचावली नसती.

चाचणीवर अन्याय नको. तिचा मुख्य निकष खोली हा होता आणि तिथला दीड मिलिमीटरचा फरक चिपच्या फरकाच्या कितीतरी पट मोठा आहे. त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पण ब्राझीलमधल्या २०१९ च्या ४० रुग्णांच्या चाचणीत एका गटाला मेट्रोनिडॅझोल आणि अमॉक्सिसिलिन दोन्ही देऊन वर्षभराने जादा फायदा दिसला नव्हता. औषधं वेगळी, रुग्ण वेगळे, त्यामुळे एकीने दुसरी खोडली असं म्हणता येत नाही. उत्तर अजून डळमळीत आहे एवढंच म्हणता येतं. आणि चिप न लागणं व अँटिबायोटिक न लागणं यांची किंमत सारखी नसते. प्रतिकारक जिवाणूंची किंमत रुग्णाच्या शेजाऱ्यालाही मोजावी लागते. गाईडलाईनही गोळ्यांचा सरसकट वापर सुचवत नाही.

दुसरी बाजू

चाचणी करणारे म्हणतील, ‘इम्प्लांट टिकलं की पडलं हे बघायला दहा वर्षं लागतील. तोवर काहीतरी मोजायला नको?’ रास्त आहे. खोली, रक्त, एक्स-रे ही सगळी मधली मापं आहेत आणि त्यांच्यावाचून संशोधन चालणार नाही. दोन गटांची तुलना करायला सरासरी हे चांगलं हत्यार आहे, कमी रुग्णांत जास्त माहिती देतं. माझा आक्षेप सरासरी देण्यावर नाही, फक्त सरासरी देण्यावर आहे. अंतिम खोली किती, किती जणांचं रक्त थांबलं, किती जणांना पुढे शस्त्रक्रिया लागली, हे तीन आकडे जोडायला एक तक्ता पुरतो.

आणि शस्त्रक्रियेविना उपचार कुचकामी, असाही निष्कर्ष काढू नका. कंट्रोल गटांनी दाखवलेली दीड मिलिमीटरची घट बघा. नीट सफाई आणि वारंवार तपासणी यांनी जे साधतं त्याला कोणतं ब्रँडनेम नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. या दोन चाचण्यांतला सगळ्यात भरवशाचा निकाल, माझ्या मते, तोच आहे. तो मात्र दोन्ही पेपरांच्या शीर्षकात नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कोणताही असो, पेपर हातात घेतला की या क्रमाने वाचा.

एक, निकालाआधी यशाची व्याख्या शोधा आणि स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. ती लिहिता येत नसेल तर पेपरमध्येच ती स्पष्ट नाही.

दोन, कंट्रोल गटाची सुधारणा आधी बघा. उपचाराच्या गटाचा आकडा नंतर.

तीन, टक्के मोडून माणसं मोजा. एका रुग्णाची दोन-तीन इम्प्लांट वेगवेगळी मोजली आहेत का, तेही तपासा. एकाच तोंडातली इम्प्लांट एकच लाळ, एकच ब्रश आणि एकच मधुमेह वाटून घेतात. त्यांना स्वतंत्र माणसं धरलं तर नमुना फुगतो.

चार, ‘यशस्वी’ ठरलेला रुग्ण निदानाच्या व्याख्येत अजून बसतो का, हे विचारा. बसत असेल, तर ‘यश’ हा शब्द तुमच्या लिखाणात वापरू नका. ‘खोली अमुक इतकी कमी झाली’ असं लिहा.

चौथ्या मुद्द्यावर गाईड कदाचित म्हणतील, ‘सगळे असंच लिहितात.’ म्हणू देत. सिनॉप्सिसमध्ये व्याख्या बदलायला अर्धं पान लागतं. तीन वर्षांचा डेटा गोळा झाल्यावर ती बदलता येत नाही.